मुलांच्या वहीत ‘केलयं’ आणि ‘मुलाना’ पुन्हा पुन्हा येत असेल तर

तिसरी-चौथीपासून थेट आठवी-नववीपर्यंत मराठीच्या वह्या तपासताना एक तक्रार हमखास ऐकू येते: टिंबं चुकतात. कुठे राहून जातात, कुठे जास्तीची पडतात, कुठे शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात. शिक्षक लाल पेनने गोल करतात, शब्द दहा वेळा लिहून आणायला सांगतात. मूल इमानेइतबारे लिहून आणतं आणि पुढच्याच निबंधात ‘झालयं’ पुन्हा हजर. पालक म्हणतात, पोराचं लक्ष नाही. मी मराठी शिकवते, आणि मला विचाराल तर यात लक्षाचा भाग थोडा आणि समजुतीचा मोठा. आपण सगळ्या चुकांना ‘टिंब चुकलं’ असं एकच नाव देतो आणि सगळ्यांवर एकच औषध देतो. टिंब मात्र मराठीत निरनिराळी कामं करतं, आणि प्रत्येक कामातली चूक वेगळ्या कारणाने होते. कोणतं काम बिघडलंय हे आधी ओळखलं की दुरुस्ती बरीच सोपी होते.

समजा वहीत असं वाक्य आहे: ‘आजोबानी सांगितलयं, अगणात जाऊ नका, झाडावर दोन माकड बसली आहेत.’ चार ठिकाणी टिंबाचा घोळ आहे आणि चारही चुका वेगळ्या जातीच्या आहेत. ‘अगणात’मध्ये नाकातला उच्चार लिहायचा राहिला. ‘माकड’मध्ये अनेकवचन राहिलं. ‘आजोबानी’मध्ये आदर राहिला. आणि ‘सांगितलयं’मध्ये टिंब आहे, पण त्याचं घर चुकलंय. हे मूल चारही शब्द दहा-दहा वेळा लिहील, पण त्यातून पाचव्या शब्दाचं टिंब कुठे द्यायचं हे त्याला कळणार नाही.

यातली ‘अंगण’ची चूक सगळ्यात सोपी. नाक चिमटीत धरून ‘अंगण’, ‘चिंच’, ‘घंटा’, ‘आंबा’ म्हणायला लावा. आवाज कोंडतो, मुलांना हसू येतं आणि टिंब कुठे आहे ते ऐकूही येतं. पहिली-दुसरीत हे चार दिवस केलं तरी पुरतं. त्याच्या पुढच्या वर्गांत ही चूक फारशी उरत नाही, आणि उरलीच तर ती घाईची असते. खरा त्रास बाकीच्या तीन जातींचा आहे.

‘केलयं’, ‘झालयं’, ‘पाहिलयं’

ही चूक मोठ्या माणसांच्या मेसेजमध्येही रोज दिसते, म्हणजे मुलांना ती वाचायलाही भरपूर मिळते. तिची दोन कारणं आहेत.

पहिलं कारण हाताचं. मूल ‘केलंय’ कसं लिहितं ते शेजारी बसून एकदा नीट बघा. आधी क, ल, य ही अक्षरं येतात, मात्रा येते, मग शब्दावरून डावीकडून उजवीकडे शिरोरेषा ओढली जाते, आणि टिंब सगळ्यात शेवटी. तेव्हा पेन्सिल शब्दाच्या उजव्या टोकाला, म्हणजे ‘य’च्या डोक्यावर असते. टिंब द्यायचंय एवढं मुलाच्या लक्षात असतं, म्हणून ते तिथेच टेकवून मूल पुढच्या शब्दाला लागतं. उपाय अगदी साधा: टिंब त्या अक्षराबरोबरच द्यायचं, शिरोरेषेच्या आधी. ‘के’, मग ‘ल’ आणि लगेच त्याचं टिंब, मग ‘य’, मग रेषा. सवय बदलायला काही आठवडे जातात आणि तेवढे दिवस अक्षर जरा वेडंवाकडं येतं. त्यावर शेरा मारू नका.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: तो ‘य’ कुठून आला हे मुलाला कोणी सांगितलेलंच नसतं. ‘केलं आहे’ भरभर म्हटलं की ‘आहे’ आकसतं आणि त्याचा नुसता ‘य’ उरतो. टिंब मुळात ‘केलं’चं आहे, ‘आहे’चं नाही. सेमी-इंग्रजीतल्या मुलांना इथे एक फायदा असतो. दोन इंग्रजी शब्द जोडून आखूड केले की गळलेल्या अक्षरांच्या जागी अपॉस्ट्रॉफी येतो, हे त्यांनी शिकलेलं असतं. मराठीत गळलेल्या भागाची अशी खूण आपण ठेवत नाही, म्हणून जोड कुठे आहे ते मुलाला दिसत नाही. ती जोड आपण दाखवायची.

त्यासाठी बोटाची चाचणी करते मी. शेवटच्या ‘य’वर बोट ठेवायचं आणि उरलेला शब्द मोठ्याने वाचायचा. ‘झालंय’मधून ‘झालं’ उरतं, शब्द पूर्ण आहे, बरोबर. ‘झालयं’वर बोट ठेवलं की ‘झाल’ उरतं. असा शब्द आपण बोलतो का? नाही. मग टिंब उचलून ‘ल’वर ठेवायचं. हीच चाचणी ‘करतोय’ला लावा: ‘करतो’ उरतं, त्यावर टिंब नाही, म्हणून ‘करतोयं’ चूक. ‘येतेय’मधून ‘येते’, ‘नकोय’मधून ‘नको’. ‘केलंयस’ असेल तर दोन अक्षरं झाकायची, कारण तिथे ‘आहेस’ आकसलंय. ‘आलेत’मध्ये ‘आहेत’चा फक्त ‘त’ उरलाय, तो झाकला की ‘आले’. ‘नाहीये’चंही तसंच, आधी ‘नाही’, मग ‘ये’, आणि टिंबाचा कुठेही संबंध नाही.

ही चाचणी जमली की पुढचा प्रश्न आपसूक येतो: मग ‘झालाय’वर टिंब का नाही? इथे लिंग कामाला येतं आणि व्याकरणाच्या तासाला रटलेलं ‘तो, ती, ते’ पहिल्यांदा उपयोगी पडतं. अभ्यास झालाय, परीक्षा झालीय, काम झालंय. तो अभ्यास झाला, ती परीक्षा झाली, ते काम झालं. टिंब फक्त ‘ते’ वाल्याला. मुलांना घरातली दहा कामं सांगायला लावा: स्वयंपाक झालाय, भाजी चिरलीय, दूध तापवलंय, दार उघडलंय, दिवा लावलाय, गादी घातलीय. तोंडाने ही मुलं कधीच चुकत नाहीत. बोलण्यातलं हे अचूक व्याकरण कागदावर उतरवणं एवढंच बाकी असतं, आणि हे त्यांना आवर्जून सांगावं. ‘तुला येतंय, फक्त लिहायचंय’ असं म्हटल्यावर मुलाचा सूरच बदलतो. ‘मी सांगितलंय’, ‘त्याला बोलावलंय’ यांत ‘ते’ असं काही समोर दिसत नाही, तरी रूप नपुंसकलिंगीच राहतं आणि टिंब येतं. एवढं वेगळं सांगून ठेवायचं.

एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. ‘करतोय’, ‘केलंय’ ही सगळ्या महाराष्ट्राच्या तोंडातली रूपं नाहीत. नागपूरकडचं मूल ‘करून राहिलो’ म्हणतं, कोल्हापूरकडचं ‘आलोया’ म्हणतं. ‘भरभर म्हणून बघ’ हा उपाय त्यांच्यापुढे लंगडा पडतो, कारण भरभर म्हटल्यावर त्यांच्या तोंडून वेगळंच रूप निघतं. अशा मुलांना ही रूपं वाचनातून, गोष्टीतल्या संवादांतून द्यावी लागतात. त्यांची घरची भाषा चुकीची आहे असं चुकूनही सुचवू नका. एकदा ते मनात बसलं की मूल लिहायलाच बिचकतं, आणि मग टिंबाचा प्रश्न फारच लहान वाटायला लागतो.

‘दोन माकड’ आणि ‘खूपं छानं’

मराठीत शब्दाच्या शेवटचा ‘अ’ आपण बहुधा गिळतो. ‘माकड’ म्हणताना ‘ड’ अर्धाच निघतो. ‘माकडं’ म्हणताना तो लांबतो, आणि हे लांबणं दाखवायला शेवटी टिंब येतं. इथे नाकाची चाचणी लावलीत तर मूल गोंधळेल, कारण आज बहुतेकांच्या बोलण्यात या टिंबात नाक नसतंच. जुन्या लिखाणात ‘केलें’, ‘घरें’ असं ‘ए’वरही टिंब असे. आता पुस्तकी भाषेत ‘केले’, ‘घरे’ लिहितो आणि बोलण्यातल्या रूपात ‘केलं’, ‘घरं’.

यातूनच दुसरी चाचणी मिळते: शेवटी ‘ए’ लावून बघायचा. ‘असं’चं ‘असे’ होतं, ‘माझं’चं ‘माझे’, ‘सगळं’चं ‘सगळे’, ‘झाडं’चं ‘झाडे’, ‘आईनं’चं ‘आईने’. होतंय, म्हणजे टिंब हवं. ‘खूपं’चं ‘खूपे’ होतं का? ‘मस्तं’चं ‘मस्ते’? ‘फक्तं’चं ‘फक्ते’? होत नाही, म्हणजे टिंब काढून टाका. मला ही चाचणी सगळ्यांत जास्त आवडते, कारण ती राहिलेलं टिंबही पकडते आणि जास्तीचंही. पाचवीच्या पुढची मुलं ती स्वतःची स्वतः वापरू शकतात. ‘एक फूल, दोन फुलं, एक घर, दोन घरं’ असं मोजून म्हणण्याचा खेळ त्याआधीच्या वयाला पुरतो.

‘मुलाचे’ की ‘मुलांचे’

इंग्रजी शिकवणाऱ्यांना विचारा, मालकी दाखवणारा अपॉस्ट्रॉफी ‘एस’च्या आधी की नंतर, म्हणजे मुलगा एक की अनेक, यावर त्यांचे तास जातात. आपल्याकडे तेच काम एक टिंब करतं. मुलाचे दप्तर, मुलांचे दप्तर. नियम लहानसा आहे: नाम किंवा सर्वनाम अनेकवचनी असेल तर प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लावताना आधीच्या अक्षरावर टिंब द्यायचं. नियम पाठ असूनही मूल चुकतं, कारण घाईघाईत बोलताना इथलं नाकातलं टिंब विरून जातं. कानावर भरवसा ठेवता येत नाही, अर्थच धरावा लागतो.

म्हणून मी इथे चित्रं काढायला लावते. ‘पक्षी झाडावर बसले’ आणि ‘पक्षी झाडांवर बसले’, दोन्हींची चित्रं. पहिल्यात एकच झाड पक्ष्यांनी लगडलेलं, दुसऱ्यात रांगेने झाडं आणि प्रत्येकावर थोडे थोडे पक्षी. मग मुलांनी एकमेकांना वाक्य द्यायचं आणि दुसऱ्याने चित्र काढायचं. ‘बाईंनी मुलाला खाऊ दिला’ या वाक्याचं चित्र काढताना मुलं एकाच मुलाच्या हातात खाऊ देतात, आणि मग ज्याने वाक्य लिहिलं तो ओरडतो, ‘अगं, सगळ्यांना दिला!’ तिथे टिंबाचं महत्त्व जितकं पटतं तितकं माझ्या तासाभराच्या बोलण्यानेही पटत नाही.

चौथीच्या पुढे एक खूणगाठ बांधून द्यायला हरकत नाही. एकाला ‘ने’ आणि ‘ला’. अनेकांना ‘नी’ आणि ‘ना’, आणि त्यांच्या आधी टिंब. त्याने, त्यांनी. मुलीला, मुलींना. ‘त्यानी’ आणि ‘त्यांने’ ही दोन्ही अर्धवट रूपं आहेत. यात पोरांना अडचण येते ती बोलण्यामुळे: ‘रामनी सांगितलं’, ‘गाडीनी आलो’ असं कित्येक घरांत बोलतात. बोलू द्या. लिहिताना ‘रामने’, ‘गाडीने’.

आदराचंही अनेकवचनच होतं, म्हणून सरांनी, बाईंना, आजोबांचा. इथे पालकांनी एक जपावं. घरात वडिलांना ‘अरे बाबा’ म्हणण्याची पद्धत असेल तर मुलाने ‘बाबाने आणलं’ लिहिणं बरोबर आहे. ‘अहो बाबा’ म्हणत असतील तर ‘बाबांनी आणलं’. ‘बाबानी’ मात्र दोन्ही घरांत चूक.

‘आम्हाला’, ‘तुम्हाला’बद्दल मुलं नेमकं विचारतात. ही सर्वनामं अनेकवचनी आहेत, नियमाने ‘आम्हांला’, ‘तुम्हांला’ असं टिंब यायला हवं, आणि शाळेच्या पुस्तकांत ते दिसतंही. वर्तमानपत्रात बहुतेक वेळा टिंबाशिवाय छापतात. शाळेत पुस्तकाप्रमाणे लिहायला सांगावं, पण टिंब नसल्याबद्दल गुण कापण्याइतकं हे मोठं नाही, असं माझं ठाम मत आहे.

आजीच्या पत्रातली टिंबं

काही मुलांच्या वहीत उलटाच प्रकार असतो: नांव, गांव, पांच, कांहीं, नाहीं. घरी चौकशी केली तर आजी-आजोबा अभ्यास घेत असतात, किंवा मूल देवघरातली पोथी वाचत असतं. हे शब्द त्यांनी मनाने लिहिलेले नाहीत. शब्दाच्या पूर्वीच्या रूपात अनुनासिक होतं म्हणून टिंब द्यायची पद्धत पूर्वी होती. मराठी साहित्य महामंडळाने केलेले लेखनविषयक नियम १९६२ मध्ये शासनाने स्वीकारले, १९७२ मध्ये त्यांत भर पडली, आणि ज्या टिंबाचा उच्चार होत नाही ते केवळ व्युत्पत्तीसाठी देऊ नये असं ठरलं. त्यामुळे आजी ज्या शाळेत शिकली तिथे ‘नांव’ बरोबरच होतं. मुलाला असंच सांगा. आजी चुकते असं म्हणायची गरज नाही.

यातला एकच शब्दप्रकार खरोखर अर्थ बदलतो, तो जपा. जुन्या पत्रात ‘घरांत कोणी नाहीं’ याचा अर्थ एकाच घरात कोणी नाही. आज ‘घरांत’ म्हणजे अनेक घरांमध्ये. ‘शाळेंत’, ‘गांवांत’ही तसेच जुने. पोथ्यांमध्ये मात्र ही टिंबं राहणारच, कारण केशवसुतांच्या पूर्वीची कविता आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पूर्वीचं गद्य मूळ लेखनाप्रमाणेच छापावं असं त्याच नियमांत म्हटलंय. ‘वाचताना तसं, लिहिताना असं’ हे मुलांना पटकन कळतं.

निबंधात ‘केले’ की ‘केलं’?

पालकांचा हा प्रश्न ठरलेला. नियमांनुसार बोलल्यासारखी भाषा पात्राच्या तोंडी उच्चाराप्रमाणे लिहायची आणि एरवी ‘केले’, ‘असे’ लिहायचं. मी इथे तुमच्याशी बोलल्यासारखं लिहितेय म्हणून ‘केलं’ लिहिलंय. मुलाने उत्तरपत्रिकेत ‘केले आहे’ लिहावं, आणि कथालेखनात पात्र बोलायला लागलं की बिनधास्त ‘केलंय’ लिहावं. ‘आई म्हणाली, तू काय केलंयस हे?’ यात जो जीव आहे तो ‘तू काय केले आहेस हे?’ यात नाही, आणि तो घालवू नये. चूक होते ती सरमिसळीची: एका ओळीत ‘गेले’, पुढच्या ओळीत ‘बघितलं’. ती दुरुस्त करायला अवतरणचिन्हं उपयोगी पडतात. अवतरणाच्या आत एक भाषा, बाहेर दुसरी, आणि लिहून झाल्यावर नुसती तेवढीच सीमा तपासायची.

दुरुस्त झालेलं पुन्हा बिघडलं तर

सुट्टीनंतर आणि परीक्षेत हे होतंच. कल्पना, वाक्यरचना आणि टिंब एकाच वेळी सांभाळणं मोठ्यांनाही जड जातं. लिहिताना टिंबाकडे बघू नको म्हणून सांगा आणि शेवटची पाच मिनिटं फक्त टिंबांसाठी राखून ठेवायला लावा. त्या वाचनात बाकी काहीही तपासायचं नाही.

सरावाला वीस वेळा शब्द लिहिण्याऐवजी एक उतारा घ्या आणि त्यातली सगळी टिंबं काढून टाका. मुलाने ती परत द्यायची आणि प्रत्येक टिंबाचं कारण बोलून सांगायचं: नाक, अनेक, आदर, की ‘ए’. कारण चुकलं आणि टिंब बरोबर आलं तरी थांबा, तिथेच खरी अडचण लपलेली असते. एका बैठकीला एकच जात घ्या. दुसरीतलं मूल मनाने गोष्ट लिहीत असेल तर टिंबांना त्या दिवशी सुट्टी द्या.

फोनवर किंवा संगणकावर लिहिणाऱ्या मुलांचा, विशेषतः परदेशातल्या मराठी शाळांत शिकणाऱ्यांचा, प्रश्न थोडा वेगळा असतो. रोमन अक्षरांतून टाइप करताना कळफलक शब्द स्वतःच सुचवतो आणि बऱ्याचदा टिंबाशिवायचा ‘केलय’ पुढे करतो. पहिलीच सूचना न घेता पट्टीतले बाकीचे शब्द बघायची सवय लावा. जमलं तर इनस्क्रिप्ट, म्हणजे थेट देवनागरी अक्षरांच्या कळा असलेला कळफलक, शिकवा. तिथे टिंबाची कळ ज्या अक्षरावर टिंब हवं त्याच्या लगेच पुढे दाबावी लागते: आधी ‘ल’, मग टिंब, मग ‘य’. वहीत आपल्याला हाताला लावायचा असलेला क्रम हाच आहे.